चिंध्यांचा हिशेब
(मिश्रमाध्यम वस्त्रकलेच्या अभ्यासातील काही नोंदी)

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक प्रदर्शनात मी 'वसुंधरा' नावाचे एक भित्तिवस्त्र मांडले होते. सहा फूट लांब, चार फूट रुंद. हिरव्या साटिनच्या पार्श्वभूमीवर थर्माकोलचे डोंगर, निळ्या नायलॉन जाळीच्या नद्या, ॲक्रिलिक रंगात रंगवलेली झाडे, आणि हे सगळे बाजारी सिंथेटिक डिंकाने घट्ट चिकटवलेले. विषय अर्थातच निसर्गाचा ऱ्हास. त्याला उत्तेजनार्थ पारितोषिकही मिळाले.

प्रदर्शन उतरवताना आमच्या सरांनी सहज विचारले, "आता याचं काय करणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. वसतिगृहातील खोलीत ते मावेना. निदान कापड तरी सुटे करावे म्हणून मी एक दुपार घालवली, पण डिंकाने सारे एकजीव झाले होते. शेवटी कोणीतरी ते मागच्या मैदानात नेऊन पेटवले. काळा धूर उठला, जळते थेंब टपटप खाली पडले, आणि दुसऱ्या दिवशी तेथे काचेसारखा टणक काळा गोळा उरला. वसुंधरेवरचे माझे भाष्य ते एवढेच!

त्या गोळ्यापासून माझ्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली. त्यातून हाती आलेल्या काही गोष्टी विद्यार्थी मित्रांपुढे व अध्यापकांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिश्रमाध्यम म्हणजे काय?

वस्त्रकलेत मिश्रमाध्यम म्हटले की सूत, कापड, दोर, कागद, धातू, लाकूड अशा भिन्न द्रव्यांचा एकाच कृतीत मेळ घालणे, असा अर्थ आपण घेतो. अ‍ॅनी अल्बर्स १९२२ साली जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाली आणि तेथे विणकामाकडे वळली. पुढे अमेरिकेत गेल्यावर तिने हार्डवेअरच्या दुकानातील वॉशर आणि कागदाला लावायच्या क्लिपा वापरून गळ्यातले दागिनेही केले. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिचे एकल प्रदर्शन झाले. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांनी बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन, मागाचा आधार न घेता, केवळ दोराला गाठी मारत माणसाएवढी किंवा त्याहून मोठी शिल्पे उभी केली. घानात जन्मलेले आणि नायजेरियात दीर्घकाळ काम केलेले एल अनात्सुई मद्याच्या बाटल्यांची टोपणे ठोकून चपटी करतात, तांब्याच्या तारेने जोडतात आणि त्यांचे भिंतभर वस्त्र करतात. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह देण्यात आला.

आपल्या महाराष्ट्रातील चित्रकारांचाही कापडाशी संबंध होता. प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

या साऱ्यांचे काम छायाचित्रांतून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. त्यांनी द्रव्य आधी ओळखले आणि आकार मागाहून आला. मी नेमके उलटे केले होते. चित्र आधी ठरवले आणि ते भरून काढायला मिळेल ते दुकानातून आणले.

घरातला पहिला पाठ

सुटीत घरी गेलो तेव्हा आजीची वाकळ नव्याने पाहिली. कोणी तिला गोधडी म्हणतात. आमच्याकडे वाकळ म्हणतात. आत फाटक्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर, वर बरे तुकडे, आणि कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे सरकणारा धावदोरा. जुनेच कापड का, असे आईला विचारले. ती म्हणाली, "नव्या कापडात सुई जाती का? अन् धुतल्यावर ते आटतं, मग सगळी वाकळ गोळा होती." अनेकदा धुतलेल्या सुताचे आटणे संपलेले असते आणि पोत मऊ झालेला असतो, म्हणून चार-पाच थरांतूनही सुई सहज जाते. पुस्तकात ज्याला द्रव्याचे गुणधर्म म्हणतात, तो धडा आईने दोन वाक्यांत संपवला.

मी सुई हातात घेतली तेव्हा वसतिगृहातले मित्र हसले. पहिल्या आठवड्यात टाका एकसारखा पडेना. पण लवकरच कळले की धावदोरा हा चिकटवण्याला उत्तम पर्याय आहे. तो थर धरून ठेवतो, आणि उद्या उसवायचा म्हटले तर प्रत्येक तुकडा सुटा होऊन हाती येतो. तेव्हापासून मी स्वतःला पहिला नियम घालून घेतला: जे शिवता किंवा बांधता येईल ते चिकटवायचे नाही.

जेथे चिकटवणे अटळ असेल, उदाहरणार्थ कागद कापडावर बसवताना, तेथे मी चिंचोक्याची खळ वापरतो. घोंगडी विणणारे सनगर कारागीर लोकरीच्या सुताला हीच खळ लावतात. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढावीत, रात्रभर भिजवून वाटावेत, आणि पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवावेत. ही खळ पाण्याने सुटते. मात्र तिला झुरळ-कसर लागते, हा दोष सांगितलाच पाहिजे. जुने पुस्तकबांधणी करणारे त्यासाठी खळीत मोरचूद घालीत. मी ते का घालत नाही, हे पुढे येईलच.

कापड ओळखणे

आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून कात्रणांचे एक पोते आणले. त्यात सुती, टेरिकॉट, पॉलिएस्टर, सारे एकत्र होते. डोळ्यांना ते ओळखू येत नाही. त्यासाठी जुनी आणि खात्रीची परीक्षा म्हणजे जाळून पाहणे. बोटभर पट्टी चिमट्यात धरावी, खाली पाण्याची थाळी ठेवावी आणि टोक पेटवावे. सूत कागदासारखे जळते, त्याचा वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख उरते. लोकर आणि रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांनी चुरडला जातो. पॉलिएस्टर व नायलॉन मात्र आधी आकसतात, मग वितळतात आणि टणक मणी बनतो. टेरिकॉट मिश्र असल्याने राखेतही टणक खडे लागतात.

पोत्यातले निम्म्याहून अधिक तुकडे मणी बनणारे निघाले. त्यांचे काय करावे? ते टाकून देऊन 'मी केवळ सूत वापरतो' असे म्हणणे सोपे होते. पण मग कचरा तेथेच राहिला, फक्त माझे हात स्वच्छ झाले. म्हणून मी दोन ढीग केले. सुताचा ढीग रंगवण्यासाठी. त्या कापडाचे काम उद्या फाटले तरी मातीत मिसळू शकेल. दुसरा ढीग न रंगवता, आहे त्याच रंगात, दोर वळण्यासाठी. दोन्ही एका कृतीत आले तरी ते केवळ शिवणीने किंवा गाठीने जोडायचे, म्हणजे पुढे वेगळे करता येतील. हा दुसरा नियम.

रंग: नैसर्गिक म्हणजे निष्पाप नव्हे

रंगाच्या बाबतीत मी अधिक भाबडा होतो. वनस्पतीचा रंग म्हणजे पवित्र आणि डब्यातला रंग म्हणजे विष, असे माझे सरळ गणित होते. इतिहास वाचल्यावर ते डळमळले. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे जे तुकडे सापडले, त्यांवर मंजिष्ठेच्या जातीचा तांबडा रंग होता; म्हणजे ही विद्या आपल्याकडे चार हजार वर्षांहून जुनी आहे. पण त्याच परंपरेतील निळीने बंगालच्या रयतेला १८५९ साली उठाव करायला लावले आणि १९१७ साली गांधीजींना चंपारण्यात नेले. नीळ वनस्पतीचीच होती. अन्याय तिच्या लागवडीच्या सक्तीत होता. उलट, १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला अपघाताने जांभळा कृत्रिम रंग सापडला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, त्यामुळे रंगीत कापड सर्वसामान्यांच्या अंगावर आले, हेही खरे. त्याची किंमत मागाहून कळली. कर्करोगकारक अमाइन द्रव्ये मोकळी करू शकणाऱ्या काही अ‍ॅझो रंगांच्या वापरावर भारत सरकारला १९९७ साली बंदी घालावी लागली.

मी जी पद्धत वापरतो ती येथे थोडक्यात देतो. प्रमाण शंभर ग्रॅम कोरड्या सुती कापडाला आहे.

प्रथम धुण्याचा सोडा घालून कापड उकळावे, म्हणजे खळ व तेलकटपणा निघून जातो. मग वीस ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवावे, पिळावे आणि न धुता उन्हात वाळवावे. हिरड्यातील टॅनिन सुताला धरून बसते. त्यानंतर दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापड काही तास बुडवावे. रंग आणि सूत यांना बांधणारा दुवा तुरटी. आता रंगाचा काढा. खानावळीतून कांद्याची टरफले आणली तर पिवळसर तपकिरी रंग मिळतो. रसवाल्याकडच्या डाळिंबाच्या सालीपासून मोहरीसारखा पिवळा. दसरा-दिवाळीनंतर देवळातून निर्माल्यातला झेंडू आणला तर उजळ पिवळा. मंजिष्ठेचा तांबडा सुंदर असतो, पण तो मुळापासून मिळतो आणि मूळ काढले की झाडाला धक्का पोचतो. म्हणून तो मी क्वचित वापरतो. माझा भर जे एरवी फेकले जाते त्यावर आहे.

हळदीविषयी इशारा द्यावासा वाटतो. ती लगेच रंग देते, म्हणून नवशिका तिच्याकडे धावतो. पण तिचा रंग उन्हात फार लवकर उडतो. कोणताही रंग वापरण्याआधी पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती महिनाभर खिडकीत ठेवावी. माझ्या पट्टीतील उघडी हळद जवळजवळ नाहीशी झाली, तर डाळिंब बरेचसे टिकले.

काळ्यासाठी गूळ, गंजके खिळे आणि पाणी मडक्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवावे. कलमकारीचे कारागीर काळा रंग असाच करतात. हिरडा लावलेले कापड या लोहपाण्यात बुडवताच डोळ्यांदेखत काळे पडते. त्या जादूने मी इतका हरखलो की कापड तासन्‌तास बुडवून ठेवले. चार महिन्यांनी घडी उलगडली तर घडीवरच ते फाटले. टॅनिन आणि लोह यांचा काळा रंग प्रमाणाबाहेर गेला की तंतू खातो. युरोपातील जुन्या हस्तलिखितांत लोहाच्या शाईने कागदाला भोके पडली ती याच कारणाने. आता मी पाणी पातळ करून कापड काही मिनिटेच ठेवतो आणि चांगले खळबळून घेतो.

माळीकाकांची बाग

सर्वांत मोठी चूक अजून सांगायची आहे. डाळिंबाच्या पिवळ्याला हिरवट छटा यावी म्हणून मी मोरचूद वापरले. छटा उत्तम आली. उरलेले पाणी वसतिगृहामागच्या मोगऱ्याच्या आळ्यात ओतले. दोन-तीन वेळा ओतले असेल. वनस्पतीचाच रंग, झाडाला काय होणार, असे मनात होते. मोगऱ्याची पाने करपली आणि काही दिवसांत दोन झाडे वाळून गेली.

माळीकाका रागावले नाहीत. त्यांनी आळ्यातली माती उकरून मला दाखवली आणि म्हणाले, "हितं गांडूळ न्हाई राहिलं बघ. काय वतलंस?" मी सांगितले. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. द्राक्षबागांवर बुरशीनाशक म्हणून ते चुन्याबरोबर फवारले जाते, ते त्याच्या विषारी गुणामुळेच. क्रोमचे क्षार तर त्याहून घातक. आमच्या रंगाच्या टिपणवहीत ही दोन्ही नावे 'नैसर्गिक रंगाचे बंधक' म्हणून तुरटीच्या शेजारी बसलेली होती, आणि मी ती तशीच उतरवून घेतली होती.

ती माती मी खणून काढली, नवी भरली आणि मोगऱ्याची दोन रोपे आणून लावली. त्या दिवसापासून तुरटी आणि थोडे लोह यांपलीकडे मी गेलो नाही. हिरव्याची एक छटा गेली. ती गेल्याचे वाईट वाटते, हे कबूल करतो. पण तिच्यावाचून चालते.

पाण्याचा हिशेब

यानंतर मी वही घातली. प्रत्येक नमुन्याची चिंधी एका पानावर टाचायची आणि शेजारी तारीख, कापडाचे वजन, रंगद्रव्य, वेळ व पाणी लिहायचे. पहिले चार रकाने सर्वच विद्यार्थी लिहितात. पाचव्याने मला झोपेतून जागे केले.

कापडाच्या तीसपट पाणी असे साधारण प्रमाण धरले तर शंभर ग्रॅमला एका बुडवणीस तीन लिटर लागते. सोडा, हिरडा, तुरटी, रंग आणि दोन वेळा खळबळणे अशा सहा पायऱ्या. एकूण अठरा लिटर. अर्धा किलो कापडाच्या एका कामाला नव्वद लिटर. आमच्या गावी एप्रिल-मेमध्ये टँकर येतो आणि आई हंडे घेऊन रांगेत उभी राहते. दुष्काळावर मी एक भित्तिवस्त्र करण्याच्या बेतात होतो. त्याला लागणारे पाणी वहीत पाहिले आणि तो बेत काही दिवस बाजूला ठेवला.

मग हिशेब सुधारत गेलो. तुरटीचे पाणी न फेकता पुढच्या खेपेला त्यात निम्मी तुरटी घालून वापरायचे. रंगाच्या काढ्यात पहिले कापड गडद आणि दुसरे फिके करायचे. फिकी छटा हवीच असते. शेवटच्या खळबळण्याचे पाणी पुढच्या सोड्याला. शक्य तेथे काढ्यात कापड उकळण्याऐवजी काचेच्या बरणीत भरून चार-पाच दिवस उन्हात ठेवायचे, म्हणजे इंधन वाचते. आणि रंगाईची मोठी कामे पावसाळ्यात, पागोळीच्या पाण्यावर उरकायची. उन्हाळ्यात फक्त शिवायचे. असे केल्यावर पाणी निम्म्याच्या आसपास आले. शेतकऱ्याच्या कामाला जसा ऋतू असतो तसा माझ्या कामालाही आला, आणि काही प्रमाणात माझी शैली त्या वेळापत्रकातूनच घडली. एकाच काढ्यातील उतरत्या छटा शेजारी शेजारी ठेवणे ही आज माझी ओळख समजली जाते. तिचा उगम पाण्याच्या काटकसरीत आहे.

वाकळ कापावी का?

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मला आजीची वाकळ हवी होती. ती दोन ठिकाणी फाटलीच होती. तिचे तुकडे करून माझ्या रंगवलेल्या कापडाबरोबर मांडले तर किती बोलके होईल, असे वाटत होते. आईला विचारले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला चिंध्याच हव्यात तर पेटीत पडल्यात. ही वाकळ आहे. बाबा अजून पांघरतात."

मी कापली नाही. परंतु त्या उत्तराने मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, तेव्हा आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना झाली. त्या गोधड्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या होत्या, थंडीसाठी केलेल्या. संग्रहालयात गेल्यावर त्यांचा सन्मान झाला, हे चांगलेच. पण पांघरूण भिंतीवर गेले की पांघरणाऱ्याचे काय, हा प्रश्न मला माझ्या घरात भेटला होता.

अखेर मी वाकळ दुरुस्त करायची ठरवली. फाटलेल्या दोन जागांवर कांद्याच्या आणि डाळिंबाच्या रंगातले तुकडे ठेवले आणि आजीच्याच फेऱ्या पुढे चालवत टाके घातले. तिचा टाका तांदळाएवढा, माझा गव्हाएवढा. तो फरक लपवला नाही. दोरा सुतीच घेतला, कारण पॉलिएस्टरचा दोरा बळकट असला तरी जुन्या मऊ कापडाला कापत जातो. आई-बाबांची परवानगी घेऊन ती वाकळ परीक्षेत मांडली, शेजारी वही उघडी ठेवली.

एका परीक्षकांनी विचारले, "ही कलाकृती म्हणायची की घरकाम?" मी म्हणालो, "सर, मला दोन्ही वाटते." ते हसले. गुण मध्यम मिळाले. त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. रचनेच्या दृष्टीने माझ्या वाट्याचे काम थोडे होते, आणि केवळ साधनशुचितेने कृती चांगली ठरत नाही. निर्मळ द्रव्यातूनही निर्जीव काम होऊ शकते. ही गोष्ट आपण विसरलो तर पर्यावरण हा कच्च्या कामावरचा पडदा होईल.

मित्रांना काही सूचना

जाता जाता माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. एक, काम सुरू करण्याआधी ते कसे सुटे होईल याचा विचार करावा. दोन, एका सत्रात एकच द्रव्य घेऊन त्याच्याशी झगडावे. दहा द्रव्ये एकदम हाताळली की एकाचीही ओळख होत नाही. तीन, वहीत पाणी आणि उरलेला कचरा यांचे रकाने ठेवावेत आणि फसलेले नमुने फाडून टाकू नयेत. चार, प्रदर्शनातील चिठ्ठीवर 'मिश्रमाध्यम' एवढेच न लिहिता प्रत्येक द्रव्याचे नाव लिहावे. पॉलिएस्टर असेल तर पॉलिएस्टर लिहावे.

आमच्या विभागातील रंगाचे पाणी आजही थेट गटारात जाते. निदान ते साठवून निवळायला एक टाके आणि पागोळीच्या पाण्यासाठी एक पिंप एवढी सोय महाविद्यालयाने करावी, अशी विनंती अध्यापकांना या निमित्ताने करतो. टाके खणायला आम्ही विद्यार्थी तयार आहोत.

वाकळ परीक्षेनंतर घरी गेली. बाबा पुन्हा तीच पांघरतात. या दिवाळीत पाहिले, माझ्या तुकड्यांपैकी एकाचा टाका कोपऱ्यात उसवला आहे. आईने तो तसाच ठेवला आहे, म्हणाली, "तुझा आहे, तूच घाल." पुढच्या सुटीचे ते पहिले काम.